फोटोचा दिवस

१९३९ साली स्पेनमधलं यादवी युद्ध संपलं, जनरल फ्रँकोची हुकूमशाही आली आणि माद्रिदमधला वेंतास हा बायकांचा तुरुंग खच्चून भरला. खरं तर हा तुरुंग भल्या हेतूनं बांधलेला. प्रजासत्ताकाच्या काळात तुरुंग खातं सांभाळलेल्या व्हिक्तोरिया केंत यांच्या कल्पनेतला. १९३३ मध्ये तो सुरू झाला तेव्हा मोठ्या खिडक्या होत्या, न्हाणीघरं होती, सोय साधारण पाचशेजणींची. युद्धानंतर तिथं हजारो कोंबल्या. एकटीसाठी केलेल्या कोठडीत दहा-बाराजणी. जिन्यात आणि संडासातही वळकट्या पसरलेल्या. रात्री कूस बदलायची तर शेजारणीलाही बदलावी लागे. पाणी टिपूस टिपूस, उवा मात्र मुबलक.

तिथल्या कैदी बायकांच्या फोटोत यातलं काही नाही. २४ सप्टेंबरला मर्सेदमातेचा, म्हणजे कैद्यांची कैवारी मानलेल्या मेरीमातेचा सण. त्या दिवशी बाहेरच्या मुलांना आईपाशी सोडत आणि नेमका तेव्हाच फोटोग्राफर हजर असे. धुतलेले कपडे, विंचरलेले केस, मांडीवर लेकरू. कैद्यांसाठी ‘रेदेन्सिओन’ नावाचं सरकारी साप्ताहिकही निघे. तुरुंग म्हणजे जणू संस्कारवर्ग, असा त्याचा सूर.

पण हे फोटो निव्वळ बनाव होते, असं मला म्हणवत नाही. बायकांनाही नीटनेटकं दिसायचं होतंच की! घरी म्हाताऱ्या आईनं फोटो पाहून हाय खाऊ नये, एवढंच त्यांचं मागणं. सरकारला हवा तो चेहरा त्या देत होत्या, पण सरकारसाठी नव्हे.

आत असलेल्या तान्ह्यांचं काय? गोवर, आमांश, उपासमार यांनी कितीतरी मुलं दगावली. त्यांच्यासाठी कुणी सण ठेवला नव्हता.

५ ऑगस्ट १९३९ ला याच तुरुंगातल्या तेराजणींना पूर्वेकडच्या दफनभूमीच्या भिंतीपाशी गोळ्या घातल्या. बहुतेक विशीच्या आसपासच्या. स्पेनमध्ये त्यांना ‘तेरा गुलाब’ म्हणतात. दफनभूमी जवळच. पहाटे बंदुकांचा बार ऐकू येई, मग एकेक सुटी गोळी. आतल्या बायका त्या सुट्या गोळ्या मोजत; त्यावरून किती गेले ते कळे.

हे आपल्याला ठाऊक झालं ते त्या बायकांच्याच तोंडून. स्वतः कैद भोगलेल्या तोमासा कुएव्हास सत्तरच्या दशकात टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरल्या, जुन्या सोबतिणींना त्यांनी बोलतं केलं आणि ऐंशीच्या दशकात ते सारं पुस्तकरूपानं छापलं.