आसन दीर्घायुषी, दिवा अल्पायुषी



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे या मुंबापुरीत मनःपूर्वक स्वागत करतो. सार्वजनिक जागेतील आसन आणि प्रकाश यांचा एकत्र विचार करण्यासाठी जमावयाचे, तर जिच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले, आणि जिच्या मरीन ड्राइव्हवरचा समुद्राकडचा कठडा रोज संध्याकाळी सबंध शहराचे आसन होऊन बसतो, तिच्याइतके उचित स्थळ क्वचितच सापडेल. त्याच मरीन ड्राइव्हवर २०१५ साली पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी दिवे आले, तेव्हा उजेडाच्या रंगावरून शहरभर वाद माजला. रस्त्यावरच्या दिव्याशी नागरिकांचा जिव्हाळा किती खोल असतो, याचा याहून स्पष्ट दाखला नसावा.

आसन आणि दीप यांना एकाच वस्तूत गुंफण्याची कल्पना जुनी आहे. बार्सिलोनाचे नगर-वास्तुविशारद पेरे फाल्केस यांनी १९०६ साली पासेच दे ग्रासिया या राजमार्गासाठी जी आसने रचली, त्यांत चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांनी मढविलेला वळणदार बाक आणि त्याच्याच अंगातून वर गेलेला घडीव लोखंडाचा दीपस्तंभ अशी जोडणी असून, ती आजही तेथे दिमाखाने उभी आहेत. न्यूयॉर्कमध्ये जुन्या मालगाडीच्या उंच रुळमार्गावर २००९ साली खुल्या झालेल्या हाय लाइन उद्यानात काँक्रीटच्या लांब फळ्यांची फरसबंदीच जागोजागी वर उचलली जाऊन बाकाचा आधार होते, आणि दिवे डोळ्यांच्या पातळीखाली ठेवल्यामुळे उजेड पायवाटेवर पडतो व चालणाऱ्याला भोवतालचे शहर निर्वेधपणे दिसत राहते.

फाल्केस यांना जे दोन निराळ्या पदार्थांच्या सांध्यातून साधावे लागले, ते आज एकाच ओतकामात साधता येते, हा नव्या काँक्रीटचा प्रभाव. घराच्या स्लॅबात आपण वापरतो ते एम-२५ काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसते. सिलिका फ्यूम, अतिसूक्ष्म वाळू, पोलादी तंतू आणि अत्यल्प पाणी यांच्या मिश्रणातून सिद्ध होणारे यूएचपीसी, म्हणजे अतिउच्च क्षमतेचे काँक्रीट, १५० न्यूटनचा आणि त्याहूनही अधिक भार पेलते. १९९७ साली कॅनडातील शेरब्रुक येथे याच जातीच्या काँक्रीटचा पादचारी पूल उभा राहिला, त्याच्या वरच्या तक्त्याची जाडी अवघी ३० मिलिमीटर आहे. एवढ्या पातळ कवचाचा बाक आतून पोकळ ठेवता येतो, आणि दिव्याला, वायरीला व पाण्याच्या निचऱ्याला त्या पोकळीत जागा मिळते. खाऱ्या वाऱ्यात पृष्ठभागावरचे पोलादी तंतू तांबेरतात, म्हणून समुद्रकाठी काचतंतूंचे काँक्रीट अधिक श्रेयस्कर. साध्या काचेला सिमेंटमधील अल्कली खाऊन टाकते, ती अडचण ब्रिटनमध्ये ए. जे. मजुमदार यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या झिर्कोनियायुक्त काचेने दूर केली.

परंतु अध्यक्षमहाराज, पदार्थ कितीही बलवान असला, तरी या विषयाचे खरे मर्म दोन आयुष्यांच्या विषमतेत आहे. काँक्रीटचा बाक पन्नास वर्षे सहज टिकावा. पन्नास हजार तासांचा एलईडी रोज बारा तास जळला, तर अकरा-साडेअकरा वर्षांत निवृत्त होतो, आणि त्याला वीज पुरविणारा ड्रायव्हर पुष्कळदा त्याच्याही आधी. ज्याने दिव्याची पट्टी काँक्रीटमध्ये कायमची गाडली, त्याने दिव्याच्या आयुष्याशी बाकाचे आयुष्य बांधून टाकले. शिवाय ओल्या सिमेंटची अल्कली ॲल्युमिनियमची पट्टी कुरतडते, ते नुकसान वेगळेच. म्हणून बैठकीच्या पुढल्या कडेखाली खाच असावी, आणि पाणी तिच्याकडे न ओघळता कडेवरूनच खाली पडावे यासाठी तिच्या पुढे एक बारीक पन्हळ कोरलेली असावी. पट्टी स्टेनलेस स्क्रूंनी बसवावी, वायर पाइपातून ओढून काढता यावी, ड्रायव्हर टोकाच्या कुलूपबंद कप्प्यात असावा, आणि माणूस जेथे टेकतो तेथे २४ व्होल्टांहून अधिक वीज येऊ नये. ज्या शहरावर चार महिन्यांत दोन मीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे आयपी ६७ हा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरण्याचा, दर्जा मी चैन समजत नाही.

हे सारे नकाशावर सुलभ असले, तरी आमच्या कारभारात बाक स्थापत्य खात्याचा आणि दिवा विद्युत खात्याचा. निविदा निराळ्या, दप्तरे निराळी, आणि दिवा विझला की तक्रार दोन्ही मेजांवर फिरत राहते. याचे फळ भोगावे लागते ते अंधारात पायरी चाचपडणाऱ्या वृद्धाला, आणि उशिरा कामावरून परतणाऱ्या त्या भगिनीला, जिला उजळलेला बाक म्हणजे चार माणसांच्या सोबतीचा भरवसा वाटतो. तेव्हा माझी या परिषदेला आग्रहाची विनंती आहे, की तिने एक शिफारस निःसंदिग्ध शब्दांत करावी: मंजुरीसाठी येणाऱ्या प्रत्येक बाकाच्या नकाशासोबत दिवा बदलण्याची रीत दाखविणारा नकाशा जोडलेला असावा, त्या कामाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात व्हावी, आणि तुटलेला भाग पुन्हा ओतता यावा यासाठी साचा नगरपालिकेच्या ताब्यात राहावा. जो दिवा रात्रपाळीचा वायरमन बाकाला धक्का न लावता बदलू शकतो, तोच सुविहित रचनेचा दिवा, अशी माझी धारणा आहे.

आपल्या विचारविनिमयातून या शिफारशीला शास्त्रशुद्ध रूप येईल, असा मला विश्वास आहे.