आतून कडी लागणारी खोली



ज्या परिचारिका नाइट उतरून, न झोपता थेट मंडपात आल्या आहेत, त्यांना डुलकी लागली तर लागू द्या. अध्यक्षांची हरकत नाही.

आपल्या व्यवसायाचं कौतुक निघालं की अरुणा शानबाग यांचं नाव निघतं. निघायलाच हवं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या तरुण परिचारिकेवर तिथेच पाशवी हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ ला ती गेली तोवर, जवळपास ४२ वर्षं, तिथल्या परिचारिकांनी तिला भरवलं, तिचं अंग पुसलं, कूस बदलून दिली. अंथरुणाला खिळलेल्या देहाला बेडसोअर होऊ न देणं म्हणजे काय, हे या मंडपात कुणाला समजावून सांगायला नको. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या शुश्रूषेची वाखाणणी केली.

पण या कथेतला एक भाग आपण गिळून टाकतो. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. अरुणाची नीट काळजी घ्या आणि आमच्याही कामाची परिस्थिती सुधारा, अशा दोन्ही मागण्या त्यांनी एकाच दमात केल्या. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला तिथून हलवायचा प्रयत्न केला, तेव्हाही परिचारिकाच आडव्या आल्या. तिला भरवण्यात जेवढी माया होती, तेवढीच मला त्या संपात दिसते. अरुणा ड्यूटी संपवून कपडे बदलायला रुग्णालयाच्या तळघरात गेली होती, हे विसरून तिच्या सेवेचे गोडवे गाणं मला जमत नाही.

९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जी तरुण डॉक्टर मारली गेली, ती रात्रपाळीत विसावा घ्यायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती. पन्नास वर्षं उलटली, तरी थकलेल्या बाईने पाठ कुठे टेकायची, याचं उत्तर आपल्याकडे नाही.

विसाव्याला खोली नाही, पण हल्ली व्यवस्थापनाला आपल्या मनःशांतीची काळजी वाटते, म्हणून ध्यानाची शिबिरं भरतात. भरू देत. फक्त आमच्या वीकली ऑफला नकोत.

आता घरचं बोलते. ड्यूटीची ओव्हर देता-घेता ज्युनिअरला वॉर्डातल्या मामा-मावशींसमोर, पेशंटच्या नातेवाइकांसमोर झापायचं, का, तर आमच्या इन्चार्जनी आम्हालाही रडवलं होतं! ही परंपरा वरून कोणी लादलेली नाही, आपणच ती चालवतो. अशा वॉर्डात डोस चुकला तर ती मुलगी सांगत नाही, लपवते. तिला आपली धास्ती असते आणि किंमत पेशंट मोजतो. आणि झापणारी कोण? बहुतेक वेळा लागोपाठ दुसरी ड्यूटी करणारी, डबा न उघडलेली, बाथरूमला जायला लागू नये म्हणून पाणीही न पिणारी. स्वतःला असं राबवणाऱ्या बाईकडून दुसऱ्यासाठी मऊ शब्द कुठून येणार?

दुपारी ठराव येतील. अभिनंदनाचे नंतर घ्या. प्रत्येक वॉर्डालगत आतून कडी लागणारी, स्वच्छतागृह असलेली विश्रांतीची खोली हवी, हा पहिला. डबल ड्यूटीला नाही म्हटलं म्हणून कुणाच्या गोपनीय अहवालावर शेरा पडू नये, हा दुसरा. अध्यक्षाने स्वतः ठराव मांडू नये असा संकेत आहे, तो आज मोडते. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक मात्र मला कालच्या नाइटची हवी.