नाटकाचा तास कशासाठी?

(हितचिंतक मेळाव्यात वसतिगृहाच्या नाट्यशिक्षकांनी केलेल्या भाषणातून)



या मेळाव्यात एक प्रश्न दरवर्षी येतो. वसतिगृहाला धान्य हवं, औषधं हवीत; मग आठवड्याचे दोन तास नाटकावर कशाला? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्या दोन तासांत काय होतं, तेवढंच सांगतो.

जव्हार-मोखाड्याची ही मुलं नाटकाला नवखी नाहीत. त्यांच्या गावांत बोहाडा होतो. संबळाच्या तालावर, मशालींच्या उजेडात एकेक सोंग बाहेर येतं. रामखिंडला तर कागदाच्या लगद्याचे मुखवटे घडवणारे कारागीर आहेत. मुखवट्यातला माणूस फारसं बोलत नाही. पावलं आणि खांदे बोलतात. हे मुलांनी आईच्या मांडीवर बसून पाहिलेलं असतं. पण याच मुलाला वर्गात प्रमाण मराठीतलं एक वाक्य म्हणायला सांगा, मान खाली जाते ती वर येत नाही.

त्यामुळे अभिनयाची सुरुवात आम्ही छापील संवादांनी करत नाही. प्रसंग सांगतो: बाजारात कोंबडी हरवली, दाखल्यासाठी कचेरीत तिसऱ्यांदा गेलो. मुलं तो वारली, कोकणा, कातकरी, ज्याच्या त्याच्या बोलीत करतात. लिहिणं नंतर, प्रमाण मराठी त्याच्याही नंतर. ही युक्ती माझी नव्हे. हबीब तन्वीर छत्तीसगडच्या नाचा कलावंतांकडून आधी हिंदीत काम करून घेत, तेव्हा ती कसलेली माणसंही अवघडून जात. त्यांना छत्तीसगढीत मोकळं सोडलं, आणि १९७५ साली ‘चरणदास चोर’ उभं राहिलं. पुढे १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याला पारितोषिकही मिळालं.

सगळ्यांनाच पुढे यायचं नसतं. आठवीतली एक मुलगी वर्षभर एक शब्द बोलली नाही. तिच्या हातात टेप दिली. तिने सभागृहाचा चौथरा मोजला: अठरा फूट बाय बारा. एका फुटाला एक इंच धरून पुठ्ठ्याचा नमुना केला आणि मला दाखवलं की दार मधोमध ठेवलं तर मागून येणारा दिसतच नाही. गणिताचे सर तो नमुना वर्गात घेऊन गेले. मग दार डावीकडे गेलं. कारवीचा कूड मुलांनीच विणला, त्यावर गेरू दिला. कूड हलका हवा, कारण अंधारात दोघांनी तो सहा पावलांत उचलून न्यायचा असतो. विंगेत कोण कुठे उभं राहणार, कंदील कोणाच्या हातात, दिवा कोणत्या शब्दाला मंद करायचा, याची वही तीच मुलगी सांभाळते. आता ती बोलते. मुख्यतः ओरडते.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे प्रत्येक भूमिका दोघांना शिकवतात. हौस म्हणून नाही. दिवाळी झाली की घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला वसतिगृहातलं मूलही उचललं जातं. गेल्या वर्षी तालमीतली तिघं गेली. एकाला बापाने महिन्याभरात परत आणून सोडलं. पोर भट्टीवर रात्री सगळ्यांचे संवाद म्हणतो म्हणाला. दोघी आल्या नाहीत. नाटकाने स्थलांतर थांबतं असं मी म्हणणार नाही, ते मजुरीचं दुखणं आहे. पण जाणाऱ्या मुलाची जागा इथे राखलेली असते, आणि ते त्याला ठाऊक असतं.

तेव्हा विनंती अशी. पाहुणे आले की मुलांना तारपा घेऊन नाचायला उभं करण्याची प्रथा आता सोडू या. तो नाच त्यांच्या अंगणातला आहे, स्वागताचा कार्यक्रम नव्हे. भरजरी पोशाखही पाठवू नका. पेटीत पडून राहतात. जून ते एप्रिल एका सहायकाचं मानधन मिळालं, तर शेजारच्या आश्रमशाळेतही हा तास सुरू करता येईल. तिथल्या मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं आहे.

आज सायंकाळी मुलांची तालीम बघायला थांबा. नाटक भट्टीवरचंच आहे, मुलांनी रचलेलं, आणि निम्मं तुम्हाला कळणार नाही अशा बोलीत. सतरंजीवर बसावं लागेल. सगळ्या खुर्च्या उलट्या करून त्यांची भट्टी रचली आहे.