सुटीचा दिवस आणि रोजंदारीचे गणित
(व्याख्यानाचा मजकूर)



मासिक पगार घेणाऱ्यास राष्ट्रीय सणाचा दिवस म्हणजे हक्काची विश्रांती वाटते. रोजावर काम करणाऱ्यास मात्र त्या दिवशी एक प्रश्न पडतो : कारखाना बंद, म्हणजे आजचा रोजही बुडाला काय? सणाचा आनंद आणि चुलीचा खर्च यांतील हा विरोध मिटविण्याचा प्रयत्न फिलिपिन्सने कायद्याच्या मार्गाने केला. त्या प्रयत्नाचे यश आणि त्याच्या मर्यादा दोन्ही विचारात घेण्यासारख्या आहेत.

फिलिपिन्सची कामगार संहिता १ मे १९७४ रोजी अध्यक्षीय हुकूमनाम्याद्वारे जारी झाली. तिच्या ९४ व्या कलमाचा आशय सरळ आहे. नियमित सुटीच्या दिवशी कामगाराने काम केले नाही तरी त्याला त्या दिवसाचा पूर्ण रोज मिळाला पाहिजे. मालकाने कामावर बोलावले तर दुप्पट रोज दिला पाहिजे. देशभर लागू असणाऱ्या अशा नियमित सुट्या आज बारा आहेत. नववर्षदिन, पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे, ९ एप्रिलचा शौर्यदिन, कामगारदिन, १२ जूनचा स्वातंत्र्यदिन, ऑगस्टमधील शेवटच्या सोमवारचा राष्ट्रवीर दिन, ३० नोव्हेंबरचा बोनिफासिओ दिन, नाताळ आणि ३० डिसेंबरचा रिझाल दिन या त्यांपैकी दहा होत. ख्रिस्ती बहुसंख्य असलेल्या या देशाने २००२ साली ईद-उल-फित्र आणि २००९ साली ईद-उल-अधा यांनाही कायद्याने राष्ट्रीय सुटीचे स्थान दिले.

यांखेरीज ‘विशेष सुट्या’ असा दुसरा वर्ग आहे. २१ ऑगस्टचा निनॉय अक्विनो दिन, १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, ८ डिसेंबर आणि वर्षाचा अखेरचा दिवस हे त्यात येतात. येथे तत्त्व बदलते : काम नाही, तर वेतन नाही. काम केल्यास मूळ रोजावर तीस टक्के अधिक मिळतात. आस्थापनेची प्रथा किंवा संघटनेशी झालेला करार अधिक उदार असेल तर गोष्ट वेगळी.

उदाहरणासाठी एखाद्या कामगाराचा मूळ रोज ६०० पेसो धरू. नियमित सुटीला तो घरी राहिला तर ६०० पेसो आणि कामावर आला तर १,२०० पेसो मिळतील. तोच त्याचा साप्ताहिक विश्रामदिन असून त्याने काम केले तर रक्कम १,५६० होईल. विशेष सुटीला घरी राहिल्यास काहीच नाही. काम केल्यास ७८० आणि तो विश्रामदिनही असल्यास ९००. दिनदर्शिकेत दोन्ही दिवस सुटीचेच. पण कोणत्या वर्गातील सुटी आहे, यावर त्या घरचा त्या दिवसाचा बाजार अवलंबून असतो.

दोन नियमित सुट्या एकाच दिवशी आल्या तर? ९ एप्रिल १९९३ रोजी शौर्यदिन आणि गुड फ्रायडे एकत्र आले. काम न करताही दोन दिवसांचे वेतन देय आहे, अशी भूमिका कामगार खात्याने घेतली. ९ एप्रिल १९९८ रोजी शौर्यदिन व पवित्र गुरुवार एकत्र आल्यावर वाद न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली खात्याची भूमिका मान्य केली. कामगाराचे मासिक उत्पन्न घटू नये एवढाच सुटीच्या वेतनाचा हेतू नसून, राष्ट्रीय सोहळ्यात त्याला सहभागी होता यावे हाही आहे, हे न्यायालयाने स्पष्ट केले. तत्पूर्वी १९८४ साली याच न्यायालयाने मासिक वेतनधारकांना हा लाभ नाकारणारा नियम रद्द केला होता. कायद्याने दिलेला हक्क नियमावलीने काढून घेता येत नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ.

तथापि हक्काला अटी आहेत. सुटीच्या लगतपूर्वीच्या कामाच्या दिवशी कामगार हजर किंवा पगारी रजेवर असला पाहिजे. पवित्र सप्ताहात या अटीचा खरा जाच जाणवतो. मनिला परिसरातील कामगार गुरुवार-शुक्रवारच्या जोडसुटीसाठी गावी निघतात. गर्दी टाळण्यासाठी कोणी बुधवारीच बिनपगारी गैरहजर राहिला, तर त्याचा बुधवारचा रोज जातोच. शिवाय गुरुवारी कामावर न आल्यास दोन्ही सुट्यांचे वेतनही जाते. एका दिवसाच्या खाड्यापायी तीन दिवसांची मिळकत हातची जाते.

याहून गंभीर प्रश्न वगळलेल्यांचा आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेली किरकोळ विक्रीची व सेवेची आस्थापने या तरतुदीतून मुक्त आहेत. गल्लीतील किराणा दुकान किंवा छोटी खाणावळ यांना दुप्पट रोज परवडणार नाही, हा युक्तिवाद निराधार नाही. पण तेथे राबणाऱ्याची गरजही कमी नसते. घरकामगारांसाठी २०१३ साली स्वतंत्र कायदा झाला. त्याने साप्ताहिक विश्रांती, वार्षिक पाच दिवसांची पगारी रजा आणि तेराव्या महिन्याचे वेतन दिले; सुटीच्या वेतनाबाबत मात्र संहितेने घरकामगारांना वगळलेलेच आहे. नाताळच्या दिवशी दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला कायद्याने त्या दिवसाचा दुप्पट रोज मिळत नाही.

हक्क बजावण्यासाठी मुदतही आहे. थकीत रकमेचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. म्हणून हजेरीची व वेतनाची नोंद जपून ठेवणे, हे कामगाराच्या हातातील पहिले साधन ठरते.

असंघटित श्रमिकांची संख्या मोठी असणाऱ्या कोणत्याही देशाने या अनुभवातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सुटी जाहीर करण्यास एक आदेश पुरतो. ती उपभोगता यावी म्हणून तिच्यामागे वेतन उभे करावे लागते. राष्ट्राचा सण खऱ्या अर्थाने सर्वांचा करावयाचा, तर त्या दिवसाचा रोज सर्वांत लहान दुकानातील कामगारापर्यंत पोहोचला पाहिजे.