पानातून धावणारी वीज



1911 साली मैमनसिंगला बंगीय साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी जगदीशचंद्र बोस होते. विजेच्या लहरींवर काम केलेला हा भौतिकशास्त्रज्ञ साहित्यिकांपुढे विज्ञान आणि साहित्य यांच्या नात्याबद्दल बांगलामध्ये बोलला. पुढे 1921 मध्ये त्यांचे बांगला लेख ‘अव्यक्त’ या पुस्तकात आले. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांच्या या मेळाव्यात मला त्यांचीच वाट धरावीशी वाटते. म्हणून आज बोलणार आहे ते त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासलेल्या लाजाळूबद्दल आणि तिच्या काही नातेवाइकांबद्दल.

लाजाळू मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. आज ती कोकणातल्या बांधांवर इतकी माजली आहे की परकी वाटतच नाही. तिच्या पानाला बोट लावलं की पर्णिका जोडीजोडीनं मिटत जातात आणि धक्का जोराचा असेल तर अख्खं पान खाली पडतं. यात स्नायू कुठेच नाही. देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते आणि तिच्या पेशी पाण्यानं तट्ट फुगलेल्या असतात. संकेत तिथे पोचला की खालच्या बाजूच्या पेशींतून क्लोराइड आणि पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी जातं, ती बाजू ढिली पडते आणि पान झुकतं. सेकंदाभरात हे उरकतं. पाणी परत भरून पान पूर्ववत व्हायला मात्र दहा-वीस मिनिटं लागतात.

तो संकेत विजेचा असतो. आपल्या मज्जापेशींत विद्युत्स्पंद उठतो तो सोडियम आत शिरल्यामुळे. वनस्पतीत कॅल्शियम आत येतं, क्लोराइड बाहेर पडतं आणि मग पोटॅशियम बाहेर जाऊन पेशी पूर्वस्थितीला येते. स्पंदाचा आलेख बराचसा सारखा दिसतो, पण आयन वेगळे आणि गती फारच कमी. लाजाळूत हा स्पंद सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या वेगानं सरकतो.

वनस्पतीतला असा स्पंद पहिल्यांदा मोजला गेला तो 1873 मध्ये, लंडनला. चार्ल्स डार्विन तेव्हा कीटकभक्षी वनस्पतींवरच्या ग्रंथाची तयारी करत होते. तो 1875 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या सांगण्यावरून जॉन बर्डन-सँडरसन या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानाला तारा जोडल्या. उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतचा दलदलीचा छोटासा पट्टा सोडला, तर जगात हे झाड आपलं आपण कुठेच उगवत नाही. त्याच्या पानाच्या दोन पाळ्या असतात आणि प्रत्येक पाळीवर साधारणपणे तीन ताठ केस. केसाला एकदा स्पर्श झाला की वीज धावते, पण सापळा उघडाच राहतो. वीसेक सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला तरच तो मिटतो, आणि मिटतो तो सेकंदाच्या दहाव्या भागात. इतका वेग केवळ पाण्याच्या हालचालीतून येत नाही. योएल फोर्तेर, एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं की बाहेरच्या बाजूला वळलेली पाळी, वादळात छत्री उलटावी तशी, एका क्षणी आतल्या बाजूला उलटते. वीज फक्त तो क्षण आणते. बाकीचं काम पानाच्या आकारात साठवलेला ताण करतो.

वीस सेकंद हे पान पहिला स्पर्श कुठे ठेवतं? जपानमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये, पेशीत कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रथिन या झाडात घालून त्याचं उत्तर दाखवलं. पहिल्या स्पर्शानं कॅल्शियमची पातळी चढते आणि हळूहळू उतरू लागते. ती फार उतरण्याआधी दुसरा स्पर्श झाला, तर पातळी उंबरठा ओलांडते. पुढची गंमत जर्मनीतल्या व्युर्ट्सबुर्ग विद्यापीठात राइनर हेड्रिश यांच्या गटानं 2016 मध्ये मांडली. आत अडकलेला कीटक धडपडत राहतो, स्पंद वाढत जातात, आणि तीनच्या पुढे गेले की पाचकरसाची तयारी सुरू होते. जितके स्पंद जास्त, तितका खर्च जास्त. वाळलेली काडी पडली तर पान काही स्रवत नाही आणि साधारण एका दिवसात पुन्हा उघडतं. मेंदू नसताना केलेला हा हिशेब मला वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो.

आता बोसांकडे वळतो. 1901 च्या उन्हाळ्यात लंडनला त्यांनी दाखवून दिलं की साध्यासुध्या, न हलणाऱ्या झाडांनाही धक्क्याला विजेचा प्रतिसाद देता येतो. रॉयल सोसायटीत याला विरोध झाला आणि विरोध करणाऱ्यांत अग्रभागी होते तेच बर्डन-सँडरसन. फ्लायट्रॅपमध्ये आपण स्वतः मोजलेली गोष्ट इतर झाडांत असेल हे त्यांना मान्य होईना. बोसांचा निबंध सोसायटीनं तेव्हा छापला नाही. बोस कलकत्त्याला परतले, इथल्याच कारागिरांकडून अतिसूक्ष्म नोंदी घेणारी यंत्रं घडवून घेतली, ग्रंथामागून ग्रंथ लिहिले आणि 1917 मध्ये स्वतःची संस्था उभारली. 1920 मध्ये त्याच सोसायटीनं त्यांना सदस्यत्व दिलं.

बोस आपल्याला आदरणीय आहेत, म्हणून त्यांचं सगळं बरोबर होतं असं आपण लिहू नये. झाडांत प्राण्यांसारखी मज्जासंस्था आहे, असं त्यांनी 1926 च्या ग्रंथात मांडलं. ते टिकलं नाही. 1916 मध्येच रिक्का या इटालियन संशोधकानं लाजाळूचं खोड कापून मध्ये पाणी भरलेली नळी बसवली होती, आणि इजेचा संदेश ती नळी ओलांडून गेला होता. म्हणजे जखमेतून रसात मिसळणारं एखादं रसायनही वाहक असतं. आज आपण दोन्ही मार्ग मानतो. पण 1901 मधला मुद्दा बोसांनीच जिंकला. 2018 मध्ये मासात्सुगु टोयोटा आणि सायमन गिलरॉय यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या झाडात दाखवलं की अळीनं एक पान कुरतडलं की कॅल्शियमची लाट दूरच्या पानांपर्यंत जाते आणि तिथे संरक्षणाची तयारी सुरू होते. हे झाड तर जागचं हलतही नाही. 2022 मध्ये टोयोटांच्या गटानं लाजाळूकडे मोर्चा वळवला: देठाची ती गाठ नसलेली, मिटू न शकणारी झाडं कीटकांनी जास्त खाल्ली. पान मिटतं कशासाठी, याचं प्रयोगातून मिळालेलं हे उत्तर आहे.

हे सगळं दूरच्या प्रयोगशाळांतलं, असं कुणी म्हणू नये. साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर पावसाळ्यात दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या लालसर पानांवर चिकट थेंब चमकत असतात आणि सीतेच्या आसवांचे निळेजांभळे गालिचे पसरतात. ज्या फुलांचे फोटो काढायला गर्दी होते, त्या झाडांच्या मातीतल्या पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव शोषून घेतात. त्यांच्या पाण्यात राहणाऱ्या भाऊबंदांत हे शोषण हजारांश सेकंदापेक्षा कमी वेळात होतं, असं 2011 मध्ये मोजलं गेलं. फ्लायट्रॅपपेक्षा कितीतरी वेगवान असलेली ही हालचाल यांत्रिकच दिसते; तिला विजेचा स्पंद लागतो असा खात्रीचा पुरावा नाही. जे हलतं ते विजेनंच हलतं, असं लिहिण्याचा मोह म्हणूनच टाळायला हवा.

माझा आग्रह एवढाच आहे. झाडांना दुःख होतं, झाडं रडतात, संगीत ऐकून डोलतात असे लेख आपल्याकडे दिवाळी अंकांतून आणि मोबाइलवरून भरभरून फिरतात. अनेकदा बोसांचं नाव त्यांना जोडलेलं असतं. ईथरची वाफ दिली की लाजाळू मिटत नाही आणि फ्लायट्रॅपही थंड पडतो, हे खरं आहे. त्यावरून झाडाला वेदना होतात असं सिद्ध होत नाही. पेशीच्या पटलांवरची यंत्रणा प्राण्यांत आणि वनस्पतींत किती जुनी आणि सामायिक आहे, एवढं त्यातून दिसतं. तेवढंच पुरेसं विलक्षण आहे. ते जसं आहे तसं सांगण्यात आपण कमी पडतो आणि मग रडणारी झाडं ती जागा घेतात.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या पावसाळ्यात मुलांच्या हाती मोबाइलचं घड्याळ द्या आणि त्यांना लाजाळूसमोर बसवा. पहिली पर्णिका मिटल्यापासून शेवटची मिटेपर्यंत किती सेकंद गेले, पान पुन्हा उघडायला किती मिनिटं लागली, सकाळी आणि दुपारी फरक पडला का, हे त्यांना मराठीत लिहून काढू द्या. कासला न्याल तर दवबिंदूला हात लावू देऊ नका, भिंगातून पाहू द्या. आणि लेखकहो, त्या वह्या मागवून घ्या, तपासा आणि त्यांतल्या चांगल्या नोंदी तुमच्या अंकांत मुलांच्या नावानं छापा.