एका गुणी खेळाडूभोवती संघाची उभारणी



एखाद्या गावच्या शाळेत असा मुलगा निघतो की, चेंडू त्याच्या हाती गेला म्हणजे मैदानाभोवतालची गर्दी स्तब्ध होते. त्याच्यामुळे शाळेचे नाव तालुक्यात होते. पालक, शिक्षक व ग्रामस्थ या सर्वांच्या आशा त्याच्यावर खिळून राहतात. आणि तरीही अंतिम सामन्यात शाळा हरते. आपला मुलगा एवढा उत्तम खेळला, मग पराभव का झाला, हा प्रश्न त्या संध्याकाळी पारावरही निघतो व शिक्षकांच्या खोलीतही निघतो. याच प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी अमेरिकेतील शिकागो शहराच्या एका बास्केटबॉल संघाला सात वर्षे खर्ची घालावी लागली. त्या सात वर्षांची हकीकत सर्व क्रीडाप्रेमींनी, विशेषतः शिक्षकांनी, विचारात घेण्यासारखी आहे.

क्रिकेटमध्ये एका बाजूने अकरा खेळाडू खेळतात, कबड्डीत सात. बास्केटबॉलमध्ये मात्र पाचच. त्यामुळे एका असामान्य खेळाडूचा प्रभाव या खेळात फार मोठा असतो, आणि सर्व भार त्याच्यावर टाकण्याचा मोहही तितकाच मोठा असतो. अमेरिकेतील व्यावसायिक संघांत नव्या खेळाडूंची वाटणी करण्याची एक रीत आहे. आदल्या हंगामात जे संघ दुर्बळ ठरले, त्यांना नवोदितांमधून निवड करण्याची संधी आधी मिळते. 1984 साली शिकागो बुल्स या संघाची पाळी तिसरी होती. पहिल्या दोन संघांनी उंचापुरे सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे खेळाडू, निवडले. शिकागोच्या वाट्यास नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा मायकेल जॉर्डन आला.

आदल्या हंगामात 82 पैकी अवघे 27 सामने जिंकलेल्या या संघाने जॉर्डनच्या पहिल्या वर्षी 38 सामने जिंकले. दुसऱ्या वर्षी आरंभीच त्याच्या पायाचे हाड मोडले व त्यास केवळ 18 सामने खेळता आले. बरा होऊन परतल्यावर त्याने अधिक वेळ मैदानावर राहण्याचा हट्ट धरला. तथापि व्यवस्थापनाने त्याच्या खेळण्याच्या मिनिटांवर मर्यादा घातली. त्यावरून उभयपक्षी कटुता आली. पुढे 20 एप्रिल 1986 रोजी बलाढ्य बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध त्याने एकट्याने 63 गुण मिळविले. बाद फेरीतील एका सामन्यात इतके गुण तोवर कोणीही मिळविले नव्हते. परंतु तो सामना बोस्टनने जिंकला व मालिकाही 3-0 अशी जिंकली.

पुढील हंगामात, म्हणजे 1986-87 मध्ये, जॉर्डनने सामन्यागणिक सरासरी 37.1 गुण मिळविले. संघाचे विजय किती? 40. पराजय 42. बोस्टनने पुन्हा 3-0 असे घरी पाठविले. एका खेळाडूचा पराक्रम शिखरास पोहोचला होता आणि संघ मात्र मध्यावरच अडला होता. कारण उघड होते. चेंडू कोणाकडे जाणार हे प्रतिपक्षास आधीच ठाऊक असे. दोघे-तिघे मिळून त्याला अडवीत, आणि मोकळे राहिलेले उरलेले चौघे केवळ प्रेक्षक होऊन उभे राहत.

1985 पासून संघाचे व्यवस्थापन जेरी क्राऊस यांच्याकडे होते. त्यांच्यापुढचा प्रश्न जॉर्डनसारखा दुसरा कोठे मिळेल, हा नव्हता. जॉर्डनला जे करता येत नाही, किंवा करता आले तरी एकट्याने करू नये, ते कोण करील, हा होता. 1987 च्या निवडीत त्यांनी दोन तरुण मिळविले. आर्कान्सा राज्यातील हॅम्बर्ग नावाच्या लहान गावचा स्कॉटी पिपेन हा बारा भावंडांतील धाकटा. महाविद्यालयात तो आरंभी खेळाडू म्हणून नव्हे, तर संघाचे साहित्य सांभाळणारा म्हणून दाखल झाला होता. दुसरा होरेस ग्रँट. बास्केटवरून उसळून परतलेला चेंडू झेलण्यात व बचावात तो तरबेज होता. पिपेनला पहिल्या वर्षी राखीव खेळाडूंतच बसावे लागले. त्याची घडण होण्यास काही वर्षे गेली, आणि ती वर्षे त्याला मिळू दिली गेली, हे महत्त्वाचे.

याहून अवघड निर्णय 1988 मध्ये आला. चार्ल्स ओकली हा धिप्पाड खेळाडू जॉर्डनचा निकटचा मित्र होता व मैदानावरील त्याचा पाठीराखाही होता. परतलेला चेंडू झेलण्यात लागोपाठ दोन हंगाम तो एकूण संख्येत संपूर्ण स्पर्धेत पहिला आला होता. परंतु त्याची जागा घेण्यास ग्रँट तयार होत होता आणि संघास अनुभवी सेंटरची उणीव भासत होती. यास्तव ओकलीला न्यूयॉर्कच्या संघाकडे देऊन बिल कार्टराइट या सात फुटांहून उंच खेळाडूस आणण्यात आले. जॉर्डनला ही अदलाबदल मुळीच रुचली नाही. व्यवस्थापनाने त्याची नाराजी पत्करली. ताऱ्याची मर्जी राखणे व संघाची गरज भागविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या वेळी दिसून आले.

दरम्यान डेट्रॉइट पिस्टन्स हा संघ वाट अडवून उभा होता. केवळ जॉर्डनला जखडण्यासाठी त्याने बचावाची खास आखणी केली होती. 1988 च्या मालिकेत शिकागोने त्याच्याविरुद्ध एक सामना जिंकला, 1989 मध्ये दोन, 1990 मध्ये तीन. मालिका मात्र तिन्ही वेळा गमावली. 1989 मध्ये फिल जॅक्सन हे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचे वयोवृद्ध सहकारी टेक्स विंटर यांची त्रिकोणी रचना त्यांनी संघात रुजविली. या रचनेत तीन खेळाडू मैदानाच्या एका बाजूस त्रिकोण करतात, चेंडू सतत फिरता राहतो आणि बचाव जिकडे धावेल त्याच्या उलट दिशेस संधी निर्माण होते. जॉर्डनला आरंभी ती पसंत नव्हती. चेंडू आपल्या हातून सोडून दुसऱ्यावर विसंबणे हे गुणवंतास नेहमीच जड जाते.

1990-91 मध्ये त्याची सरासरी 31.5 झाली. म्हणजे चार वर्षांपूर्वीपेक्षा सामन्यागणिक सुमारे साडेपाच गुण कमी. संघाचे विजय मात्र 40 वरून 61 वर गेले. त्या वर्षी डेट्रॉइटचा 4-0 असा पराभव झाला. अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्सशी गाठ पडली. 12 जून 1991 रोजी पाचव्या सामन्याच्या अखेरीस बचाव जॉर्डनभोवती गोळा झाला, तेव्हा त्याने चेंडू मोकळ्या उभ्या असलेल्या जॉन पॅक्सनकडे दिला. पुन्हा दिला, आणि पुन्हा दिला. पॅक्सनने अखेरच्या काही मिनिटांत 10 गुण मिळविले. त्या दिवशी सर्वाधिक गुण जॉर्डनचे नव्हते. पिपेनचे 32 होते, जॉर्डनचे 30. शिकागोने 108-101 असा सामना व आपले पहिले अजिंक्यपद जिंकले. पुढे 1998 पर्यंत आणखी पाच अजिंक्यपदे आली.

शाळेला खेळाडूंची अदलाबदल करता येत नाही, करूही नये. जी मुले वर्गात आहेत त्यांतूनच संघ घडवावयाचा असतो. म्हणूनच या हकीकतीतील बोध शाळेला अधिक लागू पडतो. आज साहित्याची पिशवी वाहणाऱ्या मुलात उद्याचा पिपेन असू शकतो. त्यास वेळ द्यावा लागतो. दुखावलेल्या गुणी मुलास, तो स्वतः कितीही आग्रह करो, करंडकासाठी मैदानात उतरवू नये. सरावात त्याच्याइतकाच चेंडू इतर चौघांच्या हाती गेला पाहिजे. आणि सामन्यानंतर शाळेच्या फळ्यावर गुण मिळविणाऱ्याचे नाव लिहिताना, त्याला चेंडू देणाऱ्याचे व बचाव करणाऱ्याचे नावही लिहावे. त्यास एक खडू पुरतो.

गुणी मुलगा शाळेस मिळणे हा भाग्याचा भाग आहे. त्याच्याभोवती चार विश्वासू सोबती उभे करणे हे मात्र शिक्षकांच्या व गावाच्या हाती आहे. ते सोबती लाभले म्हणजे त्या मुलास एकट्याने हरण्याचे दुःख सोसावे लागत नाही.