मेडिकल कार्डाचा अर्ज

(आयर्लंडमधील स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही मंडळी आपल्या कुटुंबांना सरकारी मेडिकल कार्डाचे अर्ज भरण्यास साहाय्य करीत असतो. पात्र असूनही अर्ज न करणाऱ्यांना कारण विचारले, की बहुधा एकच उत्तर येते, "नको, उगाच सरकारी सवलत कशाला?" या उत्तरामागे काय दडले आहे, हे या सभागृहात कोणी कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांनी महाविद्यालयात 'सरकारचे जावई' हे शब्द ऐकले, त्यांचा हात परदेशातही सरकारी अर्जापाशी अडखळतो.

म्हणून या कार्डाचा पूर्वेतिहास थोडा जाणून घेऊ या. १८५१ च्या कायद्याने या देशात गरिबांसाठी दवाखाने उघडले गेले. परंतु तेथे जाण्यासाठी तिकीट लागे. डॉक्टरांना घरी बोलवायचे झाल्यास ते तिकीट लाल रंगाचे असे. ते देणे स्थानिक कारभाऱ्यांच्या हाती होते. अर्थात, आजाऱ्याच्या माणसांनी आधी त्यांच्या दारी उभे राहायचे. पाटलाच्या ओट्याखाली उभे राहणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबांनी अनुभवले, त्यांना याचा अर्थ लगेच कळावा. १९७० च्या आरोग्य कायद्यानुसार १९७२ साली ही पद्धत संपली आणि कार्डधारकास आपला डॉक्टर निवडण्याची मुभा मिळाली. पैसे देणारा आणि कार्ड दाखविणारा एकाच खोलीत शेजारी बसू लागले. ज्याला अवाजवी ओढाताणीवाचून स्वतःच्या व कुटुंबाच्या उपचाराचा खर्च पेलत नाही, त्याचा हा कायदेशीर हक्क आहे. येथे दानाचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडेही गिरणी कामगारांच्या पिढीने ईएसआयचे कार्ड खिशात बाळगलेच होते. त्या योजनेचा अदारकर अहवाल १९४४ साली आला, तेव्हा केंद्रात मजूर खाते डॉ. बाबासाहेबांकडे होते.

आता अर्जाकडे वळू. जुलै २०११ पासून नवे अर्ज स्थानिक कचेऱ्यांऐवजी डब्लिनच्या मध्यवर्ती कचेरीत तपासले जाऊ लागले. कारभार एकसूत्री झाला खरा, पण तपासणाऱ्यास अर्जदाराचा चेहरा दिसेनासा झाला. त्याच्यापुढे केवळ कागद राहिले. पुढे फेरतपासणीत गंभीर आजारी मुलांचीही कार्डे गेली, तेव्हा लोकक्षोभ उसळला आणि २०१४ साली शासनाने ती फेरतपासणी थांबवून सुमारे १५ हजार कार्डे परत केली. कागद अपुरा, तर माणूस अपुरा, असा हा व्यवहार आहे. तेव्हा कागदच पुरेसा असला पाहिजे.

उत्पन्नाची मर्यादा पाहूनच पुष्कळ जण अर्ज बाजूला ठेवतात. ६६ वर्षांखालील पती-पत्नी व १६ वर्षांखालील दोन मुले यांच्यासाठी ती आठवड्याला ३४२ युरो ५० सेंट आहे. परंतु ही तुलना कर व सामाजिक विम्याची कपात गेल्यानंतरच्या रकमेशी होते, आणि त्यातूनही घरभाडे, पाळणाघर व कामावर जाण्या-येण्याचा खर्च वजा होतो. समजा, हाती ८५० युरो येतात. भाडे ४०० आणि पाळणाघर १२० गेले, की उरतात ३३०. हे कुटुंब पात्र ठरते. मर्यादा थोडी ओलांडली तरी त्याच अर्जावर डॉक्टरभेटीच्या मोफत कार्डाचा विचार होतो, आणि त्याची मर्यादा २०२३ साली बरीच वाढविण्यात आली आहे.

आपल्या लोकांची खरी अडचण नावापाशी येते. पारपत्रावर पित्याचे वा पतीचे नाव मध्ये असते, पगारपत्रकावर ते गळते, भाडेकरारावर त्यालाच आडनाव समजतात. एकाच व्यक्तीची अशी तीन माणसे होतात आणि खुलासा मागणारे पत्र येते. त्या पत्रास उत्तर गेले नाही, तर अर्ज तेथेच थांबतो. यासाठी सर्व कागदांवर एकच नाव करून घ्यावे. तोवर सोबत खुलाशाचे पत्र जोडावे.

दुसरी अडचण डॉक्टरांची. "आमची यादी भरली" असे ऐकावे लागते. तीन डॉक्टरांनी नकार दिल्यास आरोग्य खात्याने डॉक्टर नेमून द्यावयाचा असतो. ती नकारांची नोंद मात्र आपण जपावी. अर्ज फेटाळला गेल्यास २१ दिवसांत अपील करता येते. मायदेशाहून पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना हे कार्ड मिळत नाही, कारण येथे किमान एक वर्ष वास्तव्याचा इरादा असावा लागतो. त्यांच्यासाठी प्रवासापूर्वीच विमा काढणे इष्ट.

भोजनोत्तर आम्ही मागील टेबलावर बसणार आहोत. पगारपत्रके, भाडेकरार आणि पाळणाघराच्या पावत्या ज्यांनी आणल्या असतील, त्यांचे अर्ज आजच भरून देऊ.